माल गोदामाबाहेर पडला, म्हणजे कंपनी सुटली का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

औसा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. एका बियाणे कंपनीचा तालुक्याचा वितरकही मीच आहे. गेल्या खरिपात एकाच लॉटच्या सोयाबीनची तक्रार घेऊन नऊ शेतकरी दुकानात आले. त्यातल्या एकाने पिशवी, टॅग, पावती आणि ओलं गोणपाट सोबत आणलं होतं. शंभर दाणे मोजून गुंडाळलेले, मोड आले होते अडतीस. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असायला हवी. "दादा, पेरणीचा पाऊस तर गेला, आता मी काय करू?" एवढंच तो म्हणाला.

कंपनीच्या प्रतिनिधीने मला माझ्याच सहीचा करार दाखवला. माल गोदामाबाहेर पडला की कंपनीची जबाबदारी संपते, आणि वाद झालाच तर कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरातल्या कोर्टात.

असल्या कलमाने शेतकऱ्याचा हक्क जात नाही. त्याने त्या करारावर सही केलेली नसते. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे आणि तपासणीसाठी त्याने बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी थेट उत्पादकावर टाकली आहे. विक्रेता अडकतो तो त्याने हयगय केली, मालात फेरफार केला, स्वतःची वेगळी हमी दिली किंवा उत्पादकाचा पत्ताच लागत नसला तर.

अडतं ते इथे. आम्ही माल पुन्हा विकायला घेतो, म्हणून ग्राहक आयोगाच्या लेखी आम्ही ग्राहक नाही. शेतकऱ्याला खिशातून भरपाई दिली तर ती कंपनीकडून वसूल करायला दिवाणी दावा, तोही परगावी. मग दुकानदार हात वर करतो आणि शेतकरी पंचनाम्याचा कागद घेऊन हेलपाटे घालतो.

आमची चूक आम्ही पदरात घेतलीच पाहिजे. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ. हमालाने पिशवी आपटली, तापलेल्या पत्र्याखाली उंच थप्पी लावली, तरी उगवण घटते. पण शिवलेली पिशवी आम्हाला उघडता येत नाही. आतलं बियाणे कसं आहे, याचा जाब कंपनीनेच दिला पाहिजे.

माझी कृषी विभागाला विनंती आहे की कंपनीला विक्रीची परवानगी देताना तिचा वितरकांशी झालेला करार मागवून वाचावा. माल उतरवताना प्रत्येक लॉटचा सीलबंद नमुना दोघांच्या सहीने ठेवला, तर दोष बियाण्याचा की साठवणुकीचा हे कळेल आणि भरपाई कुणी द्यायची हेही ठरेल. वाद मात्र माल विकला त्याच जिल्ह्यात चालावा.

त्या नऊपैकी सात जणांना मी दुबार पेरणीचं बियाणे उधारीवर दिलं. माझ्या तीन पत्रांना कंपनीचं उत्तर नाही. नव्या हंगामाचा करार मात्र सहीसाठी आलाय, तेच कलम घेऊन. ते खोडल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि तालुक्यातल्या इतर विक्रेत्यांनीही करू नये.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक,
ता. औसा, जि. लातूर