दाढीखालची हनुवटी

ता. वरुड, जि. अमरावती
मंगळवार

प्रिय मधुकर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिले नाही, त्याबद्दलच्या शिव्या आधीच मान्य करतो. साखर ताब्यात आहे, गुडघा आहे तसाच आहे. आज लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी की माझ्या दाढीखाली काय आहे, हे नीट ठाऊक असलेली माणसे आता दोनच उरली आहेत: आई आणि तू.

तेजूला माझीच आत गेलेली हनुवटी आली. तिच्या बारशाला तू सगळ्यांदेखत म्हणाला होतास, ‘देवाने सगळे बापाचे दिले, दाढी तेवढी विसरला.’ त्यावर मी सहा महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. तो राग चुकीचा नव्हता, हे आजही लिहून ठेवतो.

दिवाळीआधी तिने स्वतःच्या पगारातून नागपुरात हनुवटीत फिलर भरून घेतले. सोबत मला नेले, आपल्या आईला, सुमनला, कळू दिले नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला एका बाजूला तोंड करून बसवून नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी धरली, तेव्हा ओठ आणि हनुवटी यांच्यातले अंतर पाहून मी नकळत स्वतःच्या दाढीवर हात ठेवला. हायल्युरॉनिक ॲसिडचे घट्ट जेल, एकेक मिलीलिटरच्या दोन सिरिंजा, सुई थेट हाडापर्यंत. यात जबडा हलत नाही, दातांची ठेवण बदलत नाही, नुसता उठाव येतो, हे त्यांनी आधीच बजावले. चुकून जेल रक्तवाहिनीत गेले तर कातडी पांढरी पडते, वेळेत उपाय झाला नाही तर मरतेही. म्हणून ते विरघळवणारे हायल्युरॉनिडेजचे इंजेक्शन त्या टेबलावर तयारच ठेवतात. प्रत्येक टोचणीनंतर त्या बोटाने हनुवटी दाबून सोडत आणि रंग किती वेळात परत येतो ते पाहत. मीही वाकून पाहत होतो. संत्र्याच्या कलमाकडेसुद्धा मी कधी इतके टक लावून पाहिले नसेल.

हायल्युरॉनिक ॲसिड हा पदार्थ कार्ल मेयर आणि जॉन पाल्मर यांनी १९३४ साली प्रथम गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला. आता तो जिवाणूंच्या आंबवणीतून करतात, तरी आईला यातले अक्षर सांगितलेले नाही. पण लपणार काय? तेजू पाया पडली तेव्हा मोतिबिंदूने अर्धे दिसेनासे झालेल्या आईने सवयीने तिची हनुवटी धरली, क्षणभर बोटे तिथेच ठेवली आणि म्हणाली, ‘काय व, माह्या बापाची हनुवटी कुठं ठेवून आली?’ पोरगी हसली. मी गोठ्यात निघून गेलो.

खरी काळजी पुढे आहे. सोयरीक जवळपास जुळली आहे, लग्न वैशाखात. आणि हे फिलर साधारण वर्षभर, फार तर थोडे अधिक टिकते, मग शरीरच ते हळूहळू जिरवते. म्हणजे संसार मांडून पुरते वर्ष होत नाही, तोच हनुवटी मागे सरकायला लागणार. तेजू म्हणते, ती रविवारी मुलाला सगळे सांगणार. मी म्हटले, बाजारात नेण्याआधी बैलाची शिंगे साळतात, तेल लावतात, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. (पोरीची तुलना बैलाशी केली, हे तू पकडशीलच, तिनेही पकडले.) मग ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आईला सांगितलं होतं?’

तूच मला मुलगी पाहायला जाण्याआधी दोन महिने वस्तरा लावू दिला नव्हतास. त्यानंतर मी तो लावलाच नाही. सुमनला सत्तावीस वर्षांत दाढी आवडते असेच वाटत आले, की तिला सगळे ठाऊक आहे आणि ती गप्प आहे, हे मला आजतागायत कळलेले नाही. रविवारी तेजू बोलली, तर सुमन माझ्याकडे पाहील. तेव्हा मी काय करू?

तुझ्या नातवाचे बारसे झाले असेल, आशीर्वाद. पुण्यात पाण्याची अडचण सुटली का? वहिनींना नमस्कार.

दहावीच्या निरोपसमारंभाचा तो फोटो, जो तू मला मागूनही दिला नाहीस, तो सापडला तर शनिवारपर्यंत मोबाइलवर पाठव. रविवारी पाहुणे येण्याआधी सुमनला दाखवीन म्हणतो.

तुझा,
विठ्ठल