तो सिनेमा आणि माझं एक खोटं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

ताई सांगत होती, टीव्हीवर 'कॅप्टन फिलिप्स' लागला होता, समुद्री चाच्यांनी जहाज धरल्याचा सिनेमा. बाबांनी शेवटपर्यंत बघितला आणि मग रात्रभर ओट्यावर बसून होते. त्यानंतर आईचा फोन, आणि एकच प्रश्न: "कसाले गया रे भाऊ तठे?" मला उत्तर सुचलं नाही. बाबा तर फोनवर "बरं, ठीक" याच्या पुढे जात नाहीत. म्हणून लिहायला बसलो.

आधी एक कबूल करतो. आमचं जहाज सोमालियाकडून जात नाही असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. एडनच्या आखातातून मी दोनदा गेलोय. चोपड्याला तुमच्या शेजारी बसून चहा पिताना हे तोंडातून निघेना.

सिनेमातली गोष्ट घडलेली आहे. 8 एप्रिल 2009 ला 'मर्स्क अलाबामा' हे मालवाहू जहाज आफ्रिकेतल्या मोम्बासा बंदराला चाललं होतं. पोटात मदतीचं धान्यही होतं. चार सोमाली चाचे, पोरंच ती, लहान होडीतून आली आणि शिडी लावून एवढ्या मोठ्या जहाजावर चढली. मग कॅप्टनला ओलीस धरून ते जीवरक्षक होडीतून निघाले. 12 एप्रिलला अमेरिकन नौदलाच्या नेमबाजांनी तिघांना मारलं. चौथा जिवंत सापडला, त्याला पुढे 33 वर्षांहून जास्त शिक्षा झाली. सिनेमात कॅप्टन हिरो आहे. पण त्याच्याच काही खलाशांनी नंतर कंपनीवर दावा लावला. सोमालियाच्या किनाऱ्यापासून निदान 600 मैल लांब राहा असा इशारा असताना जहाज इतकं जवळून का नेलं, हे त्यांचं म्हणणं. मी इंजिन रूमवाला, मला त्यांचंच पटतं. दिवे घालवून खाली अंधारात, त्या उकाड्यात दबून बसलेली माणसं तीच. चाच्यांच्या म्होरक्याला धरलं तेही तिथेच, खाली.

आता आमच्याकडे काय असतं ते सांगतो. त्या पट्ट्यात शिरण्याआधी कठड्याला काटेरी तारेची वेटोळी बांधतो, आपण रानडुकरांसाठी बांधाला लावतो तशी, फक्त पात्यांची. आग विझवायचे पाण्याचे पाइप बाहेरच्या बाजूला वळवून ठेवतो. पहाऱ्याची माणसं वाढवतो. कधी बंदूकवाले सोबत घेतो. आणि आत एक 'सिटाडेल' असतं: जाड पोलादी दाराची खोली, त्यात पाणी, खाणं, सॅटेलाइट फोन. चाचे चढलेच तर सगळ्यांनी तिथे जायचं. 5 जानेवारी 2024 ला 'लीला नॉरफोक' या जहाजावरचे 21 जण असेच आत बसले, त्यातले 15 आपले भारतीय. आपल्या नौदलाची युद्धनौका 'चेन्नई' पोहोचली आणि सगळे सुखरूप निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये चाच्यांनी धरलेल्या 'रुएन' जहाजावरचे 17 जण आपल्या नौदलाने सोडवले आणि 35 चाचे शरण आले, ते तर मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले.

भीती वाटत नाही असं नाही. चाचे बघतात ते दोनच गोष्टी: जहाज हळू आहे का, आणि पाण्यापासून कठडा किती उंच आहे. आमचं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज. माल भरला की दोन्ही उत्तरं त्यांच्या सोयीची. पावसाळ्यात समुद्र इतका खवळतो की लहान होड्या निघतच नाहीत, दसऱ्यानंतर निवळतो. बाबा, ही ओळ आईला वाचून दाखवू नका.

आणि तुम्ही? रात्रीच्या लाईटीला बॅटरी आणि काठी घेऊन एकटे केळीत जाता, तेही सातपुड्याकडून बिबट्या उतरतो हे माहीत असताना. मागे पाण्याच्या मोटारीची केबल कापून नेली तेव्हा चोरांच्या मागे धावलात, ते ताईने मला चार महिन्यांनी सांगितलं. म्हणजे घरात लपवणारा मी एकटा नाही. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवून घ्या, लाईट आली की ती आपोआप चालू होईल, पैसे पाठवतोय.

ताईच्या मोबाइलवर जहाजाचा ठिपका दिसतो तो किनारा सुटला की बऱ्याचदा गायब होतो. कधी धोक्याच्या पट्ट्यात कॅप्टन स्वतःच जहाजाची जागा कळवणारं यंत्र बंद करतो. तेव्हा घाबरून रात्री-बेरात्री ऑफिसला फोन लावू नका. या वेळी कुठून जातोय ते निघण्याआधी खरं सांगेन. उद्या विमान आहे. आईने दिलेलं कळण्याचं पीठ बॅगेत टाकलंय, आमच्या कुकला भाकरी थापता येत नाही, मीच थापीन.

तुमचा,
भाऊ