पणजीचं माहेर शोधून देणाऱ्या मोडीवाचक काकांना

ती. काका,
स. न. वि. वि.

पणजीचे कागद तुम्ही मोडीतून उतरवून दिलेत, त्याबद्दल आम्ही सगळी पतवंडं तुमची आभारी आहोत. त्यातही 'कोम' या एका शब्दासाठी जास्तच. 'राधा कोम गोविंदा' म्हणजे गोविंदाची बायको राधा. 'बिन' म्हणजे मुलगा, 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून नवखा वाचतो 'राधाकोम', आणि कधी जन्मालाच न आलेली बाई वंशावळीत जाऊन बसते.

बाई शोधायची तर आधी तिचा बाप शोधा, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत (तेव्हाचा गाव नमुना 14), जन्माच्या नोंदीला बापाचं नाव असतं. लेकीच्या जागी कित्येकदा नुसतंच 'मुलगी'. पुढे लग्नात नाव बदलतं ते वेगळंच. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, आणि आडनाव दोन्हीकडे जोशीच! तिथे आडनाव धरून काय सापडणार?

तारखांचा गुंता तुम्ही दोन ओळींत सोडवलात: इसवी सन हवा तर शकात 78 मिळवा, माघ-फाल्गुनाची नोंद असेल तर 79; पौषात तिथी पाहून ठरवा. शाळेच्या दाखल्यावर 1 जून दिसला की ती तारीख बहुधा मास्तरांनी घातलेली समजायची.

पण खरी गाठ सुटली ती फेरफारांनी, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींनी. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 ला लागू झाला. बाप त्याआधी वारला असेल आणि मुलगे मागे असतील, तर वारस नोंदीत लेकी सहसा नसतातच. अशा वेळी 1956 नंतर बायको-मुलांवाचून वारलेला भाऊ शोधायचा, ही युक्ती कुणालाही चटकन सुचणारी नव्हे. आईवडील आधीच गेलेले असले, की त्याच्या वारसांत भावांबरोबर बहिणीही येतात, सासरच्या नावानिशी आणि बऱ्याचदा गावासकट. पुढे हक्कसोड झाली की बहिणींची नावं सातबाऱ्यावरून जातात, फेरफारात मात्र राहतात. म्हणून चालू सातबारा पाहून परत फिरायचं नाही. जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्यायचे आणि एकेक नक्कल मागायची.

आणखी एक. तुम्ही मोडीतून उतरवलेल्या मजकुरात दोन शब्दांपुढे प्रश्नचिन्ह आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यात कागदाची घडी नेमकी तिथेच फाटलेली. अंदाजाने भरता आले असते, तुम्ही भरले नाहीत. मूळ पानाच्या फोटोशेजारी तुमचा मजकूर ओळीला ओळ लावून ठेवला आहे, प्रश्नचिन्हांसकट.

आपली,
पणजीची पतवंडं