मेजरचा रकाना

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेल दोनदा वाचला. तुझ्या निखिलला अमेरिकेत करायचंय कॉम्प्युटर सायन्स, पण कॉलेजच्या फॉर्मवर फिलॉसॉफी लिहायचं, आत शिरायचं आणि मग हळूच बदलून घ्यायचं, असा तुमच्या कौन्सेलरचा सल्ला. ऐकायला झकास आहे. हाच शहाणपणा मी करून बसलोय, म्हणून लगेच लिहायला घेतलं.

अमेरिकेत मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, प्रवेश देताना सगळीकडे सारखं वजन नाही. एमआयटीत मूल विद्यापीठात शिरतं, विभागात नाही. मेजर ठरवायचं ते पहिलं वर्ष संपता संपता. हार्वर्डला तर दुसऱ्या वर्षी. तिथे लबाडी करून मिळवायचंय काय?

आता इलिनॉय विद्यापीठ बघ, अर्बाना-शॅम्पेनचं. २०२३ च्या प्रवेशात एकंदर शंभरातल्या चाळीसहून जास्त अर्जांना होकार आणि कॉम्प्युटर सायन्सला दहाच्याही आत. फॉर्म तोच, फक्त एक रकाना वेगळा. हे आकडे पाहिल्यावर कुणालाही चोरदरवाजा शोधावासा वाटेल. पण तो दरवाजा त्या लोकांनाही ठाऊक आहे ना! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसने २०२३ पासून कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या विषयातून तिकडे जायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा छाननी, आणि जागा मोजक्या. टेक्ससमध्ये वर्गात अगदी वरच्या नंबरात आलेल्या स्थानिक मुलांना ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात कायद्यानेच प्रवेश मिळतो, पण तो विद्यापीठात. हवं ते मेजर मिळेलच, असं कायदा म्हणत नाही.

आमच्या थोरलीला मी इकॉनॉमिक्स लिहायला लावलं होतं. विद्यापीठाचं नाव नको. प्रवेश मिळाला, मी आठवडाभर स्वतःवर खूश. मग ती प्रोग्रॅमिंगच्या कोर्सला नाव घालायला बसली, तर स्क्रीनवर आलं: फक्त मेजरच्या विद्यार्थ्यांसाठी. वेटिंग लिस्टवर तिचा नंबर त्र्याऐंशी. पुढची दोन सत्रंही तीच कथा. आता स्टॅटिस्टिक्स करते, रमलीय म्हणते. सुट्टीत घरी आली की तो विषय मी काढत नाही.

शिवाय फाइल बोलते रे. निखिलची रोबोटिक्सची टीम, दोन ॲप, इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडची तयारी, आणि निबंधात अचानक प्लेटोचं वेड! वाचणारी माणसं दिवसभर अशाच फायली चाळत असतात.

खरं सांगू? तुझ्या मेलमध्ये शेवटी जे ओझरतं लिहिलंयस, आजोबांची मोडीतली पत्रं वाचण्यासाठी पोराने प्रोग्रॅम लिहायला घेतलाय, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. इलिनॉयला कॉम्प्युटर सायन्स आणि भाषाशास्त्र अशी जोड पदवी आहे; मानववंशशास्त्राबरोबर आहे, संगीताबरोबरही आहे. तीही सोपी नाही, गैरसमज नको. पण हा मुलगा तिकडे का जातोय, हे तिथे त्याला बनवून सांगावं लागणार नाही.

यूसीएलए, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचा लॉस एंजेलिसचा कॅम्पस, त्याचं मात्र वेगळं. तिथे लेटर्स अँड सायन्सला, म्हणजे कला-विज्ञानाच्या कॉलेजला, अर्ज केला तर प्रवेश देताना मेजर बघत नाहीत, इंजिनिअरिंगला बघतात. आणि कॉम्प्युटर सायन्स त्यांच्या इंजिनिअरिंगमध्येच मोडतं! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसना मिळून फॉर्म एकच, त्यात पर्यायी मेजरचा रकाना असतो, पण कुठला कॅम्पस तो विचारात घेतो आणि कुठला नाही, हे एकेकाच्या साइटवर जाऊन बघावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. कौन्सेलरवर सोडू नकोस, निखिललाच बसव.

कॉलेजांची यादी पाठव. प्रत्येकापुढे एवढंच लिहा: जागा विषयवार आहेत का, आणि आत गेल्यावर बदली मिळते का. रविवारी फोनवर बसू.

आणि तो मोडीचा प्रोग्रॅम मला हवाय. आमच्या अण्णांच्या एका पोस्टकार्डावरची शेवटची ओळ अजून कुणाला लागलेली नाही.

तुझा,
विजय