क्यूआर फिरवण्याआधी नावे जमवा

संपादक महोदय,

दशावतारी मंडळे, नमन-खेळे, चित्रे दाखवत कथा सांगणारे पिंगुळीचे चित्रकथीकार यांच्यासाठी ‘कलेला हातभार लावा’ असे संदेश क्यूआर कोडसह चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतात. वर्गणी कोकणाला नवी नाही. तरी आवाहन दोन दिवसांत थंडावते, कारण कशासाठी आणि किती हे त्यात नसते. ‘पायपेटीचा (पायाने वाजवायच्या हार्मोनियमचा) भाता बदलायचा, पावसाळ्यात बुरशी धरलेले मखमली पोशाख नव्याने शिवायचे, खर्च ४० हजार, २०० रुपये देणारे २०० जण हवेत’ असे लिहावे. आधी फक्त नावे घ्यावीत, दोनशे भरली की क्यूआर टाकावा. अमेरिकेतल्या किकस्टार्टर या वर्गणी जमवण्याच्या संकेतस्थळावर लक्ष्य गाठले नाही तर कुणाचेच पैसे कापले जात नाहीत. आपल्याकडे तेच वहीवर साधते. अर्धीच रक्कम हाती पडली तर काम होत नाही, आणि परत कुणाकुणाला करणार?

खाते वेगळे असावे, मंडळाच्या मालकाच्या घरखर्चाचे नको. पैसे पाठवताना मोबाइलवर जे नाव दिसते तेच आवाहनात लिहावे. फॉरवर्ड होता होता कुणी क्यूआर बदलला तर नावावरून पकडता येतो. दोन कामांची वर्गणी एकदम असेल तर एकीला २०१, दुसरीला २०२ मागावेत. पाठवणाऱ्याचा शेरा पासबुकात उमटेलच असे नाही, आकडा उमटतो.

खरा खड्डा पडतो तो भेटवस्तूंत. दोनशे रुपयांना चित्रकथीचे छोटे चित्र कबूल केले की कागद, रंग, पुठ्ठ्याची नळी आणि टपालातच पैसे संपतात, चित्रकाराचे दिवस फुकट. लहान रकमेला प्रयोगाआधी नाव पुकारणे पुरे. चित्र दोन हजारांच्या वर.

कराचे भान हवे. नात्याबाहेरच्यांकडून वर्षात मिळालेल्या भेटी ५० हजारांवर गेल्या तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम व्यक्तीच्या उत्पन्नात धरली जाते. मोठ्या कामाला म्हणूनच आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या संस्थेचे खाते बरे. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गाववाल्याचा पैसा संस्थेला परकीय योगदान कायद्याच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला चालतो.

गणपतीच्या पंधरवड्यात मागूच नये. तिकीट, बाजार आणि वाडीची वर्गणी यांत खिसा रिकामा झालेला असतो. जत्रा कार्तिकात सुरू होतात, शिंप्याला वेळ लागतो, तेव्हा विसर्जनानंतर सुरुवात करून दसऱ्यापर्यंत नावे पुरी करावीत. शिल्लक उरली तर ती कशाला वापरणार हे आवाहनातच असावे, आणि बिलांचे फोटो त्याच ग्रुपवर टाकावेत.

— लोककला मंडळांच्या हिशेबाचे काम पाहणारे काहीजण, कुडाळ