आवाज गेला म्हणून लिनक्स पुसू नकोस

प्रिय पक्या,

तुझा भलामोठा मेसेज वाचला. अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि आवाज गायब, साउंड सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी नुसतं 'डमी आउटपुट' (म्हणजे खरं साउंड कार्ड सापडलंच नाही), आणि आता तू सगळं पुसून दुसरा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, टाकायच्या बेतात आहेस. थांब जरा. फोनवर सांगितलं असतं, पण यातलं बरंच तुला नंतर परत उघडून बघावं लागेल म्हणून सविस्तर लिहितोय.

लिनक्समध्ये आवाज एका जागी बसलेला नसतो रे, तो थराथरातून वर येतो. सगळ्यात खाली कर्नलमध्ये, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यात, अल्सा, म्हणजे साउंड कार्डाचे ड्रायव्हर. त्याच्यावर पाइपवायर, जे सगळ्या अ‍ॅप्सचा आवाज एकत्र करतं. त्याच्या जोडीला वायरप्लंबर, कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जायचा ते हा ठरवतो. आणि तुला कोपऱ्यात जो व्हॉल्यूमचा आयकॉन दिसतो तो सगळ्यात वरचा, खालच्यांनी जे सांगितलं तेवढंच तो दाखवतो. टाकी भरलेली पण मधला कॉक बंद, असं बहुतेक वेळा झालेलं असतं, आणि लोक नळ बदलत बसतात. म्हणून नेहमी खालून वर बघत यायचं.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघड आणि 'एप्ले' ही कमांड छोट्या 'एल'च्या ऑप्शनने चालव. कार्डाचं नाव आलं तर कर्नलला कार्ड दिसतंय, अर्धी लढाई तिथेच संपली. नाहीच आलं, तर तुझा लॅपटॉप नवा इंटेलवाला आहे ना, त्यात आवाज साउंड ओपन फर्मवेअरवर, थोडक्यात 'सॉफ'वर (साउंड चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) चालतो, त्याचं पॅकेज वेगळं असतं आणि ते नसलं की डमी आउटपुटच मिळतं. 'डीमेसेज' ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, तिच्या आउटपुटमध्ये 'सॉफ' शोध, फर्मवेअर लोड झालं नसेल तर तिथे स्पष्ट लिहिलेलं सापडेल. आणि अपडेटनंतरच बिघडलंय म्हणतोस, तर बूट होताना ग्रबच्या (सुरुवातीला येणाऱ्या मेन्यूच्या) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडून बघ. त्याच्यावर आवाज आला तर गडबड नव्या कर्नलची किंवा त्याच्या फर्मवेअरची, तुझं हार्डवेअर ठणठणीत आहे.

कार्ड दिसतंय पण आवाज नाही, असं असेल तर टर्मिनलमध्येच 'अल्सामिक्सर' हा व्हॉल्यूमचा प्रोग्राम चालव. आत गेल्यावर आधी एफ-सिक्स दाबून खरं कार्ड निवड, कारण सुरुवातीला जे एकच खांब दाखवतं ते पाइपवायरचं असतं, त्यात काहीच कळत नाही. कार्ड निवडलंस की मास्टर, हेडफोन, स्पीकर असे खांब ओळीने दिसतील. एखाद्या खांबाच्या खाली 'एमएम' दिसलं की तो म्यूट आहे, बाणाने त्याच्यावर जा आणि एम दाब. बास. वरच्या आयकॉनवर व्हॉल्यूम शंभर टक्के दिसत असतो आणि इथे खाली स्पीकरचा खांब म्यूट, हे मी कितीतरी जणांच्या मशीनवर बघितलंय. तिथेच 'ऑटो-म्यूट मोड' असतो, हेडफोनची पिन लावली की स्पीकर बंद करणारा. जॅक सैल झाला असेल तर त्याला पिन लावलेलीच वाटत राहते. तसं असेल तर तो बंद करून ठेव.

मग वरच्या थराला ये. वायरप्लंबरची कमांड 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' लिहिलीस की सगळी डिव्हाइसं एका यादीत येतात आणि डिफॉल्टच्या पुढे चांदणी असते. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असला की बऱ्याचदा चांदणी त्याच्यावर जाऊन बसते, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो, झालं! आउटपुट बदलायचं की काम झालं. पाइपवायर रीस्टार्ट करायचं असेल तर ते सुडोशिवाय (अ‍ॅडमिनचे अधिकार न घेता), सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या 'सिस्टीमसीटीएल' कमांडला 'युजर'चा ऑप्शन देऊन कर, कारण ही सर्व्हिस तुझ्या लॉगिनची आहे, रूटची, म्हणजे अ‍ॅडमिनची नाही.

हे इतके थर झाले कसे असं तू वैतागून विचारलंयस. आधी ओएसएस नावाचे जुने साउंड ड्रायव्हर होते, मग अल्सा आलं, मग 2007 च्या शेवटी फेडोरा 8 या डिस्ट्रोने पल्सऑडिओ (आज पाइपवायर करतं ते आवाज एकत्र करायचं काम तेव्हा हे करायचं) डिफॉल्ट केलं आणि पुढच्या वर्षी उबुंटू 8.04 मध्येही ते आलं. त्या काळात लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या, पण प्रत्येक अ‍ॅपचा व्हॉल्यूम वेगळा करता येणं, चालू गाणं स्पीकरवरून हेडफोनवर नेता येणं, हे सामान्य माणसाच्या हातात त्यानेच दिलं. म्युझिक रेकॉर्ड करणारे मात्र जॅक वापरायचे (हे जॅक नावाचं सॉफ्टवेअर, पिनवालं नाही) आणि दोघांचं एकमेकांशी जमायचं नाही. विम तायमन्सने सुरू केलेल्या पाइपवायरने दोन्हीकडच्या अ‍ॅप्सना एकाच छताखाली घेतलं. 2021 मध्ये फेडोरा 34 ने ते आवाजासाठी डिफॉल्ट केलं आणि 2023 च्या नोव्हेंबरात त्याची 1.0 आली. मला विचारशील तर लिनक्स डेस्कटॉपवर गेल्या काही वर्षांत झालेलं सगळ्यात मोलाचं काम हेच. तू गिटार लावून वाजवतोस ना, तर 48 किलोहर्ट्झला 1024 सॅम्पलचा बफर (आवाज पुढे जाण्याआधी साठवायची जागा) म्हणजे साधारण 21 मिलिसेकंदांचा उशीर, वाजवताना हाताला जाणवतो, तो 128 वर आण, तीनाच्याही खाली येतो. आधी यासाठी वेगळा सर्व्हर चालू करा, पल्स बंद करा, केवढा व्याप असायचा!

प्लाझ्मा, गनोम, एक्सएफसीई या लिनक्सच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपचं म्हणशील तर आवाजासाठी मला प्लाझ्माच आवडतं. आयकॉनवर क्लिक केलं की डिव्हाइसं आणि अ‍ॅप्स असे दोन टॅब, ब्राउझरचा आवाज कमी आणि गाण्याचा जास्त हे तिथल्या तिथे होतं. गनोममध्ये त्यासाठी सेटिंग्जमध्ये जावं लागतं, बाकी गनोम मला सुटसुटीत वाटतं, वाद नाही. एक्सएफसीईवर 'पावुकंट्रोल' हे व्हॉल्यूमचं अ‍ॅप टाकून घे, ते पल्सच्या काळातलं असलं तरी पाइपवायरवर छान चालतं. आणि वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करतोस तेव्हा तो व्हिडिओसुद्धा पाइपवायरमधूनच जातो, त्यामुळे शेअरिंगला काळी स्क्रीन आली तर पोर्टलचं (अ‍ॅपला स्क्रीन बघायची परवानगी देणारं) पॅकेज आणि पाइपवायर दोन्ही तपासायचं.

ब्लूटूथ हेडफोनवर कॉल सुरू झाला की गाणं डब्यातून आल्यासारखं होतं, ही तुझी दुसरी तक्रार. तो लिनक्सचा दोष नाही. ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या ठरलेल्या पद्धती असतात, त्यांना प्रोफाइल म्हणतात. चांगला आवाज ए-टू-डी-पी प्रोफाइलवर येतो आणि त्यात माइक नसतो, माइक लागला की हेडसेट प्रोफाइलवर जावं लागतं आणि तिथे आवाज 8 किंवा 16 किलोहर्ट्झचा. इनपुटला लॅपटॉपचा माइक निवड आणि हेडफोन ए-टू-डी-पी वरच राहू दे, फरक लगेच कळेल.

आवाजाबद्दल मी एवढं लिहितो त्याला कारण आहे. ज्यांना दिसत नाही ते ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर वापरतात, स्क्रीनवरचं सगळं तो बोलून दाखवतो. आपल्याकडे आवाज गेला तर गाणी बंद होतात, त्यांच्याकडे अख्खा कॉम्प्युटरच बंद होतो, टर्मिनलमध्ये काय टाइप करतोय तेही कळत नाही. म्हणून अपडेटने आवाज मोडला की मला राग येतो, आणि बग दिसला की तो रिपोर्ट करायचा कंटाळा करू नये असं मनापासून वाटतं. तुझाही करू आपण, जुन्या कर्नलवर चालतंय आणि नव्यावर नाही एवढं जरी पक्कं सांगता आलं तरी डेव्हलपरचं निम्मं काम वाचतं.

तर आज रात्री जुन्या कर्नलने बूट करून बघ, आणि एप्ले, डीमेसेज आणि डब्ल्यूपीसीटीएल या तिन्हींचं आउटपुट एका फाइलमध्ये टाकून मला पाठव. फोटो नको काढूस, टेक्स्टच पाठव, म्हणजे मला शोधता येईल. फॉरमॅट मात्र तोपर्यंत अजिबात करायचं नाही.

तुझा,
मन्या