सामनेवाले क्रमांक दोन

दादर, मुंबई

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. दाजींच्या मोटार अपघाताच्या दाव्यासाठी ताईबरोबर दिवसभर ट्रिब्युनलमध्ये बसलास आणि मला न भेटताच सांगलीची गाडी पकडलीस, याचं वाईट वाटलं. पण का गेलास ते सरळ लिहिलंस, हे बरं केलंस. ‘नवरा गेलेल्या बाईला विमा कंपनीच्या त्या वकिलाने पिंजऱ्यात उभं करून हिशेब विचारले, आणि तू जन्मभर हेच करत आलास?’ या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता आलं नसतं. म्हणून हे पत्र. लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

आधी तुझं जे खरं आहे ते सांगतो. ‘दाजी दारू प्यायचे का?’ हा प्रश्न विचारायला नको होता. रक्ततपासणीचा अहवाल किंवा शवविच्छेदनात तशी नोंद असती तर गोष्ट वेगळी. तू लिहितोस तसा एकही कागद नसेल, तर तो केवळ चिखल उडवणं झालं. सबळ कारण नसताना चारित्र्यावर प्रश्न करू नये आणि अपमानासाठी विचारलेला प्रश्न कोर्टाने थांबवावा, हे 1872 च्या पुरावा कायद्यातच होतं. ताईच्या वकिलांनी तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी होती. माझे सीनियर फोर्टातल्या त्यांच्या लहानशा चेंबरमध्ये आम्हा ज्युनियरांना बजावायचे, की विधवेला एकही प्रश्न असा विचारायचा नाही ज्याच्या मागे हातात कागद नाही. आज माझ्या ज्युनियरांना मीही तेच सांगतो.

पण दुसरा प्रश्न, ‘ते आयकर भरत होते का, दुकानाचे हिशेब कुठे आहेत?’, त्याचा तुला जास्त राग आलेला दिसतो. तो प्रश्न मीही विचारला असता. का, ते नीट सांगतो.

मोटार अपघाताच्या दाव्यात माणसाच्या जाण्याची किंमत कोणी ठरवत नाही. घरात येणारे जे पैसे थांबले, ते मोजले जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं ते आकडे, ठरवून दिले आणि 2017 मध्ये प्रणय सेठी प्रकरणात घटनापीठाने पुढच्या काळात वाढणाऱ्या कमाईची टक्केवारी घालून दिली. दाजींचं वय 44. गुणक 14, आणि स्वतःचा धंदा असल्याने कमाईत 25 टक्के वाढ धरायची. ताई, दोन मुलं, दाजींची आई असे चार अवलंबून, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा. अर्जात महिन्याचे 30 हजार लिहिलेत. ते धरले तर 47 लाख 25 हजार होतात. कमाई 20 हजार धरली तर 31 लाख 50 हजार. अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरे ठरीव रकमा वेगळ्या, पण त्या लहान. म्हणजे महिन्याच्या 10 हजारांवर 15 लाख 75 हजारांचा फरक पडतो. जन्मतारखेत दोन वर्षांचा घोळ निघाला, वय 46 ठरलं, तर गुणक 13 होतो. अख्खा दावा अशा दोन-तीन आकड्यांवर उभा असतो, सुहास. ते आकडे खरे आहेत का, हे विचारणारं त्या खोलीत कोणीतरी हवं. धडक देणाऱ्या टेम्पोचा मालक बहुधा येतच नाही, समन्स लागूनही गैरहजर राहतो. मग सामनेवाले क्रमांक दोन म्हणून विमा कंपनी उरते आणि तिच्या वतीने आम्ही.

आणि आम्हाला वाटेल त्या मुद्द्यावर लढता येतं असंही नाही. मोटार वाहन कायद्याने विमा कंपनीचे बचाव मोजके ठेवले आहेत: परवाना, परमिट, पॉलिसीच्या अटींचा भंग, असे. मालक गैरहजर असेल किंवा अर्जदाराला आतून मिळाला असेल, तर कलम 170 खाली कोर्टाची परवानगी घेऊन मगच बाकीच्या मुद्द्यांवर बोलता येतं. परवान्याचंही 2004 च्या स्वरणसिंग निकालाने स्पष्ट केलं, की परवाना खोटा निघाला एवढ्याने कंपनी सुटत नाही, मालकाने जाणूनबुजून अट मोडली हे कंपनीने सिद्ध करायचं. पुष्कळदा कोर्ट सांगतं, आधी अर्जदाराला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. ही वसुलीची कामं मला फार जड जातात, कारण समोर दुसरी कंपनी नसते, एकच गाडी हप्त्यावर घेतलेला माणूस असतो.

तुला वाटतं, आमची फी अर्जदाराचे पैसे कापण्यावर ठरते. तसं नाही. निकालावर टक्केवारी घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी आपल्याकडे सगळ्याच वकिलांना मना आहे. कंपनीच्या पॅनेलवरच्या, म्हणजे तिने नेमून ठेवलेल्या यादीतल्या, वकिलाला फायलीमागे ठरलेली रक्कम मिळते, तीही टप्प्याटप्प्याने, निकाल काहीही लागो. पैशासाठी कोणी या कामात टिकत नाही.

मी टिकलो तो फायलींमुळे. फाइल आली की मी आधी पॉलिसी वाचत नाही, हॉस्पिटलचा पहिला कागद शोधतो. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने जखमीला किंवा त्याला घेऊन आलेल्या माणसाला ‘काय झालं?’ विचारून जी एक ओळ लिहिलेली असते, ती. तेव्हा दाव्याचा विचार कोणाच्या डोक्यात नसतो. मुलुंडकडच्या एका प्रकरणात त्या ओळीत ‘मोटरसायकल घसरून पडला’ असं होतं. एफआयआर झाला बऱ्याच दिवसांनी आणि त्यात एका टेम्पोचा नंबर उगवला. तेव्हा मुंबईत जकात होती. टेम्पोवाल्याने जपून ठेवलेल्या पावत्यांत त्याच दिवसाची, त्याच वेळेची दुसरीकडच्या जकात नाक्याची पावती निघाली. दावा फेटाळला गेला, पण मला आनंद झाला तो त्या ड्रायव्हरसाठी. त्याच्यावर बेदरकार गाडी चालवल्याचा फौजदारी खटला उभा होता आणि ती पावती तिथेही कामी आली. असे खोटे उभे केलेले दावे ही काही आम्हा कंपनीवाल्यांची कल्पना नाही. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांच्या चौकशीसाठी 2015 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमायला लावलं. असा प्रत्येक दावा ताईच्या दाव्याकडे संशयाने बघायला शिकवतो, म्हणून मला त्यांची मनापासून चीड आहे.

आता उलट बाजू. आमच्या कामातला मोठा भाग कोर्टात दिसतच नाही. तो असतो कंपनीला पाठवलेल्या अभिप्रायात, ‘हा दावा खरा आहे, तडजोड करा’ असं लिहिण्यात. लहान मालवाहू गाड्यांचंच बघ. हलक्या वाहनाचा परवाना असलेला ड्रायव्हर तशी गाडी चालवत होता, तेवढ्यावरून वर्षानुवर्षं कंपन्या भांडल्या. 2017 मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला तो परवाना चालतो. तरी वाद रेटला गेला, तो नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने मिटवला. मधल्या काळात अशा फायली माझ्याकडे आल्या, तेव्हा मी हा मुद्दा सोडून द्यायला सुचवत होतो. काही अधिकाऱ्यांनी ऐकलं. काहींनी ‘वर विचारतो’ म्हणून फाइल ठेवून दिली आणि व्याज चढत राहिलं. व्याज अर्जाच्या तारखेपासून लागतं, हे मी किती जणांना किती वेळा सांगितलं असेल!

ही दिरंगाई मात्र आमच्या बाजूचं पाप आहे. ते मी झाकणार नाही. अपघात नाकबूल, वय नाकबूल, मृत्यूसुद्धा नाकबूल अशा छापील कैफियती, म्हणजे कंपनीची लेखी उत्तरं, दाखल होतात. पोलिसांचे कागद हातात असताना मृत्यू नाकारायचा, हे मला कधी जमलं नाही. मी त्या ओळी खोडतो, म्हणून एका कंपनीने मला फायली देणं हळूहळू कमी केलं. त्याचं दुःख नाही. तारखेमागून तारीख मागणाऱ्यांबद्दल तू लिहिलेला शब्द न् शब्द मला मान्य आहे.

तरीही हे काम मला हवंसं वाटतं, आणि ते तुला कळावं अशी माझी इच्छा आहे. समोरचा वकील तयारीने आला, मी तयारीने गेलो, दोघांनी एकमेकांचे कागद तपासले, तर न्यायाधीशांच्या हाती जो आकडा उरतो तो अपिलात हलत नाही. तेवढीच वर्षं त्या घराची वाचतात.

ताईसाठी आता काय करायचं ते बघ. पॅनेलच्या अटींमुळे मला विमा कंपनीविरुद्ध उभं राहता येत नाही, पण तुम्ही काय जमवायचं ते मित्र म्हणून सांगू शकतो. आयकराचं विवरण नाही म्हणजे कमाई नाही, असं कोर्ट मानत नाही. दुकानाचं गुमास्ता लायसन्स शोधा. बँकेचा उतारा काढा, त्यात मोबाइलवरून जमा झालेले पैसे तारीखवार दिसतील. दाजी पंखे-वायरींचा माल लोहार चाळीतून उचलायचे ना? तिथल्या व्यापाऱ्याकडे खात्याचा उतारा मागा आणि तो साक्षीला येईल का ते विचारा. महिन्याला किती माल जायचा हे त्याने शपथेवर सांगितलं, तर ‘हिशेब कुठे आहेत’ या प्रश्नाला उत्तर मिळेल. मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या आणि घराचे हप्तेही जोडा. दाजींचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांवर जन्मतारीख एकच आहे ना, हे आजच पडताळ. अर्जदाराचा पुरावा संपल्याची पुरशिस, म्हणजे कोर्टाला द्यायची लेखी नोंद, अजून दिली नसेल, तर तुमच्या वकिलांना पुढच्या तारखेला आणखी साक्षीदारासाठी अर्ज द्यायला सांग. दिली असेल, तरी पुरावा पुन्हा उघडून मागता येतो, पण तो अर्ज लगेच करायला हवा.

पुढच्या तारखेला कोर्टात येऊ नको म्हणालास तरी मी येईन, मागच्या बाकावर बसेन. ताईला सांग, उत्तर ठाऊक नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणायचं, अंदाजाने आकडा सांगायचा नाही. आणि या वेळी उतरायचं ते आमच्याकडेच, दादरला. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय